चौदा बायांची यादी

पैसे गेले सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आणि अकरा वाजून बावीस मिनिटांनी सुचिताला कळलं की आपण फसलो. इतक्या लवकर सहसा कुणाला कळत नाही. माणूस दोन दिवस पार्सलची वाट पाहतो, चार दिवस फोन लावत बसतो, आठवड्याने घरात सांगतो. सुचिताने पैसे भरल्याचा फोटो पाठवला, तर तो पलीकडे पोचलाच नाही. त्या व्हॉट्सअॅप नंबरावर कालपर्यंत डोलणाऱ्या पऱ्हाटीचं, कपाशीच्या पिकाचं, चित्र होतं, तिथं आता कोरा राखाडी गोल होता. तिने फोन लावला. नंबर बंद.

पुढं काय करायचं हे तिला पाठ होतं. हिवाळ्यात तालुक्याच्या ठाण्यातले हवालदार गजेंद्र महिला बचत गटाच्या बैठकीत येऊन तासभर बोलले होते. एकोणीसशे तीस हा नंबर त्यांनी बायांकडून तीनदा म्हणवून घेतला होता. पहिला तास सोन्याचा, असं त्यांनी सांगितलं होतं. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतो. त्याच्या आधी तक्रार पोचली तर बँक तो जागीच अडवते. सुचिता गटाची सचिव. बैठकीचा वृत्तान्त तिनेच लिहिला होता.

चौथ्या खेपेला नंबर लागला. पलीकडच्या बाईने नाव, गाव, बँक, रक्कम विचारली. मग तिने विचारलं, पैसे कशासाठी पाठवले होते, काय खरेदी केलं?

सुचिताने फोन कापला.

खरेदी कपाशीच्या बियाण्याची होती. साधं बीटी बियाणं दुकानात मिळतं, बिलासकट मिळतं, आणि ते पिकाला फक्त अळीपासून राखतं. हे बियाणं वेगळं. त्याच्या पिकावर तणनाशक फवारलं की गवत जळतं आणि पऱ्हाटी उभी राहते. सरकारची त्याला परवानगी नाही. ते विकणं, साठवणं, पेरणं, सगळाच गुन्हा. पर्यावरणाच्या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद. वडनेर भोलजीच्या आसपासच्या शिवारात त्याला चोर बीटी म्हणतात, आणि हे नाव घेताना कुणी आवाज खाली आणत नाही. ते बियाणं परराज्यातून बिनबिलाचं येतं, ओळखीच्या माणसाकडून घेतलं जातं. यंदा धाडी पडल्या आणि ओळखीच्या माणसाने हात वर केले. तेव्हा गटातल्या कुणीतरी हा नंबर पुढं केला, आणि सगळ्यांचे पैसे गोळा करून सुचिताने आपल्या खात्यातून पाठवले.

गटातल्या चौदाही जणींनी आयुष्यभर वाकून निंदण केलं होतं, आपल्या वावरात आणि दुसऱ्याच्याही. कमरेला आराम विकत मिळत असेल तर कायद्याचं नंतर पाहू, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

पैसे बुडणं ही एक गोष्ट झाली. सुचिताला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. हे बियाणं कोऱ्या पिशव्यांत येतं, वर ना नाव ना शिक्का. दोन वर्षांपूर्वी वाटणीनंतर काहींचं उगवलं, काहींचं नाही, आणि माझी पिशवी बदलली म्हणून गटात तोंडं फिरली होती. तेव्हापासून अध्यक्ष मनकर्णाबाईंचा नियम होता, पिशवीवर नाव पाहिजेच. म्हणून सुचिताने यादी केली होती. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, वावराचा गट नंबर, पाकिटं किती, मोबाईल नंबर. बारा जणींच्या सह्या, दोघींचे अंगठे, आणि खाली बचत गटाचा शिक्का, कारण गटाचा कोणताही कागद शिक्क्याशिवाय बाहेर जात नसे. त्या यादीचा फोटो तिने विकणाऱ्याला पाठवला होता. तो म्हणाला होता, "ताई, इतकी शिस्त कुठं पाहिली नाही."

तिने पायात चप्पल सरकवली आणि सबीहाचं घर गाठलं.

सबीहा गटाची कोषाध्यक्ष. तिचा नवरा फहीम घराच्या पुढल्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. मनकर्णाबाईंना निरोप गेला, त्या गुडघा धरत आल्या. सुचिताने सगळं सांगितलं. तक्रार करायचीच यावर दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की काय घेतलं म्हणून सांगायचं.

"ठिबकच्या नळ्या म्हन," सबीहा म्हणाली.

फहीमला ते पटलं नाही. नळ्यांना बिल असतं, अनुदान असतं, कंपनी असते. त्याने ताडपत्री सुचवली. ताडपत्री माणूस कुठूनही घेतो.

"चौदा ताडपत्र्या?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "येवढं काय झाकून राह्यलो व आपन?"

सबीहाला हसू फुटलं. सुचिताही हसली, आणि हसता हसता तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

फहीमच्या सांगण्यावरून तिने चॅटमधला यादीचा फोटो आणि बियाण्याच्या भावाचा भाग पुसला. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी तक्रार नोंदली गेली, ताडपत्रीची. संध्याकाळी बँकेचा संदेश आला. रकमेचा जेमतेम चौथा हिस्सा एका खात्यात अडवला होता. बाकीची सव्वाबाराला एटीएममधून काढली गेली होती. त्या वेळी चौघं जण नळ्या की ताडपत्री, यावर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गजेंद्र हवालदारांनी तिचा मोबाईल हातात घेऊन राहिलेलं चॅट वर-खाली केलं. ते अंढेऱ्याकडचे, घरी पाच एकर कपाशी. एका संदेशावर त्यांचा अंगठा थांबला.

"ताडपत्री एकरी दोन पाकिटं लागते, हे मले आज कळलं," ते म्हणाले.

गजेंद्रनी दार लोटलं आणि आवाज न चढवता तिला समजावलं. ताडपत्री लिहिली तर उद्या कोर्टात अडवलेले पैसे सोडवताना शपथेवर ताडपत्रीच सांगावी लागेल, आणि खोटी फिर्याद हा वेगळा गुन्हा. बियाणं लिहिलं तर कृषी अधिकाऱ्याला पत्र धाडणं त्यांना भाग होतं.

"माह्यापाशी दोन कायदे हायेत, ताई. एक त्याच्यासाठी, एक तुमच्यासाठी. त्याचा पत्ता मले माहीत नाही. तुमचा हाय."

घरी जाऊन विचार करा, असं त्यांनी सांगितलं. सुचिता घरी आली. नवरा शालिग्राम नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो म्हणाला, गेलं ते गेलं, गप बस. तिनेही तसंच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी गणवेशातला माणूस, मागे सरकारी कचेरीसारखी भिंत. कृषी विभाग आणि पोलिसांचं संयुक्त पथक, असं त्याने सांगितलं. मराठी छापील, पुण्याकडची. मग त्याने कागद उचलून वाचायला सुरुवात केली. मनकर्णाबाई, गट नंबर अमुक, तीन पाकिटं. सबीहा, दोन पाकिटं. अन्नपूर्णा, एक पाकीट. अंगठा कुणाचा आणि सही कुणाची तेही त्याने सांगितलं. प्रत्येक नाव यादीतून काढायचा त्याने आकडा सांगितला.

यादी एकाच ठिकाणी गेली होती. सुचिताने ते त्याला तोंडावर सांगितलं. तू पोलीस नाहीस, तूच तो चोर आहेस.

तो चिडला नाही. "मी कोण ते सोडा, ताई. मी वाचलं त्यात खोटं काय आहे, ते सांगा."

तिने फोन ठेवला. दिवस मावळेपर्यंत त्याने सात घरी फोन केले होते.

सुचिता दारोदार फिरली. हा तोच चोर आहे, एक पैसा देऊ नका, असं तिने सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं. त्यांना ते समजलंही. तरी आठवड्याभरात आठ जणींनी पैसे पाठवले. मनकर्णाबाईंनी दिले नाहीत, कारण त्यांच्या साध्या फोनवर पैसे पाठवता येत नव्हते. पण देणाऱ्यांची बाजू त्यांनीच मांडली.

"चोर असो का पोलीस, यादी तं आपलीच हाय ना."

सबीहाने सगळ्यांत आधी दिले होते, फहीमच्या दुकानातून, सुचिताला न सांगता. आणि ज्या घराने दिले त्या घराला चार दिवसांनी पुन्हा फोन येई. आता साहेब बदलले, नव्या साहेबांचं राहिलं. अन्नपूर्णा विधवा, पोरगी सासरी, घरात एकटी. तिने पहिल्या फोनला एक बकरी विकली आणि दुसऱ्या फोनला दुसरी. तिसरा फोन आला तेव्हा ती सुचिताच्या ओट्यावर येऊन बसली. बांगडी मागंपुढं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुचिता पहिल्या एसटीने ठाण्यात गेली आणि बियाण्याचं खरं सांगितलं.

तिची अट एकच होती. नाव फक्त तिचं लिहा, यादी लावू नका. गजेंद्रनी लेखणी खाली ठेवली.

"यादी नसली तं हे धमकीचे फोन कशाले जोडू? तो समदं यादीवरून करून राह्यला. यादी काढली का खंडणीचा गुन्हा बी निघाला. मंग उरते काय, एक साधी फसवणूक."

"अन् लावली तं?"

"लावली तं चौदा जनी आरोपी."

त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. मग त्यांनी लिहिलं, मी स्वतःकरिता व गावातील इतर महिलांकरिता बियाणे मागविले. इतर महिला कोण, ते लिहिलं नाही. पैसे भरल्याचे फोटो जोडले, यादीचा जोडला नाही. ही मेहेरबानी होती, आणि आपण काय सोडलं हे दोघांनाही ठाऊक होतं.

अज्ञात इसमाविरुद्ध चारशे वीस आणि आयटी कायद्याचं कलम लागलं. त्या कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या माणसाने करायचा नाही, असा नियम आहे. ठाण्याला निरीक्षक एक. ते बंदोबस्तावर होते, मग रजेवर गेले, मग त्यांची बदली झाली. कृषी अधिकाऱ्याला पत्र पाठवायला अशी कोणती अट नाही. ते त्याच दिवशी गेलं.

चौथ्या दिवशी गावात जीप आली. पथकाने दोन घरं झडतीला घेतली, गटाच्या सचिवाचं आणि अध्यक्षाचं. सुचिताच्या घरी काही निघालं नाही. मनकर्णाबाईंकडे डाळीच्या डब्यात गेल्या साली उरलेली तीन पाकिटं सापडली. नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा टोबायला, लागतील म्हणून त्यांनी ती ठेवली होती. पंच बोलावले, पाकिटांवर लाखेचं सील झालं, पंचनाम्यावर अंगठा घेतला. मनकर्णाबाईंवर साठवणुकीचा गुन्हा लागला. सुचिताने पैसे गोळा केले होते, माल मागवला होता, आणि हे तिनेच जबाबात सांगितलं होतं. ती विक्रेती ठरली.

जीपजवळ उभ्या केलेल्या दोघींचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. नाव चुकलं नव्हतं, वय चुकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच कात्रण उरलेल्या बाराही जणींच्या फोनवर आलं, नव्या नंबरावरून. खाली एक ओळ होती, दोन झाल्या, बारा राहिल्या. ज्यांनी तोवर एक रुपया दिला नव्हता त्यांनीही त्या आठवड्यात दिला.

मग गटाची बैठक झाली आणि सचिवपद सुचिताकडून काढून घेतलं. जीप तिने आणली, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. सबीहा तिच्याशी त्यानंतर एकदाच बोलली, पाण्याच्या टाकीजवळ.

"तू खरं बोलली ते तुह्यासाठी बोलली. आमी गप होतो ते समद्यांसाठी."

सुचिताने हंडा उचलला. बाराही नावं आपण कशी बाहेर ठेवली, हे तिला सांगता आलं असतं. पण तसं सांगायचं म्हणजे यादी अजून माझ्या फोनमध्ये आहे, हेही सांगायचं. ती घरी आली.

तपास कागदावर चालला. खातं निघालं परराज्यातल्या एका वीटभट्टीवरच्या मजुराचं. त्याने पासबुक आणि कार्ड भाड्याने दिलं होतं, आणि घेणाऱ्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. सिमकार्ड निघालं एका बाईच्या नावाचं, जी दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिकडे माणूस पाठवायला वरून परवानगी लागते. ती मागितली गेली आणि तिची आठवणही दिली गेली. अडवलेला चौथा हिस्सा सुचिताला मिळाला नाही. त्याच खात्यावर दुसऱ्या राज्यातल्या एका फसलेल्या माणसाची तक्रार तिच्या आधी, साडेअकराला पोचली होती. नवा कापूस घरात येऊन विकला गेला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, आणि मार्चात तालुक्याच्या कोर्टाची नोटीस आली. पोलिसांनी अ-समरी मागितली होती. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, प्रकरण बंद करावं. फिर्यादीची हरकत असेल तर कळवावं.

तारीख नेमकी सुचिता आणि मनकर्णाबाईंवरच्या बियाण्याच्या खटल्याच्या दिवशीच लागली. मनकर्णाबाईंची ती पाचवी तारीख. व्हरांड्यातल्या बाकावर त्या पाय लांब करून बसल्या होत्या. गजेंद्र हवालदार आले, आणि उभ्यानेच बोलू लागले.

"हरकत घ्या, ताई. मी सांगून राह्यलो. तो माणूस अजून फोन करते, अन्नपूर्णाबाईले परवा केला. म्हणजे नंबर जिता हाय, त्याचं ठिकाण निघते. नवे साहेब ऐकनारे हायेत. फक्त यादी द्या अन् बारा जनींचे जबाब द्या. खंडणी लागली का वरून परवानगी भेटते."

"अन् त्या बारा जनी?"

गजेंद्रनी टोपी काखेत धरली. "त्याईच्यावर बी लागन. मी खोटं नाही सांगत."

सुचिताने मोबाईल काढला. फोटो शोधायला तिला वेळ लागला नाही. रेघांच्या कागदावर तिचं वळणदार अक्षर, चौदा ओळी, खाली जांभळा शिक्का. मनकर्णाबाईंनी मान वाकडी करून पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा त्यांनी ओळखला.

"देऊन टाक," त्या म्हणाल्या.

सुचिताने त्यांच्याकडे पाहिलं. नाव कुणाचं घेऊ नको, असं या बाईने पहिल्या दिवसापासून बजावलं होतं.

"पाहून काय राह्यली? नऊ महिने झाले, एक जन तारखेले सोबत नाही आली. मले दारावरून जाताना पाह्यत नाही. माह्या गुडघ्याचं काय झालं ते कोनी इचारलं? समद्याईचं नाव येऊ दे. चौदा जनी आलो तं बाकावर जागा नाही पुरनार, पण निदान बोलाले तं कोनी राहीन."

"अन्नपूर्णाले जामीन कोन राहीन, मावशी?" सुचिता म्हणाली.

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं आणि पदराने पुसलं. जामीनदाराला सातबारा लागतो. अन्नपूर्णाच्या दिराने तो कधीच दिला नसता. तिच्याकडे दोन बकऱ्या होत्या, त्याही राहिल्या नव्हत्या. यादीत अशा आणखी तिघी होत्या आणि त्या कोण, हे दोघींनाही न मोजता माहीत होतं.

पुकारा झाला. सुचिता आत गेली. न्यायाधीशबाईंनी कागद पाहून विचारलं, पोलिसांचा अहवाल तुम्हाला समजला का? तिने हो म्हटलं. प्रकरण बंद करायला तुमची काही हरकत आहे का? दाराशी उभ्या असलेल्या गजेंद्रकडे तिने पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

कोर्टाच्या बाबूने बोटाने जागा दाखवली. तिने सही केली, खाली तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. बाबूने तो कागद एका गठ्ठ्यावर ठेवला, त्याला सुतळी बांधली आणि गठ्ठा पायाशी सरकवला.

लगेच पुढचा पुकारा झाला. राज्य शासन विरुद्ध सुचिता आणि मनकर्णाबाई. कोर्ट तेच, न्यायाधीशबाई त्याच. फिर्यादीच्या जागेपासून आरोपीच्या कठड्यापर्यंत सहा पावलं होती. मनकर्णाबाई दारातून येत होत्या, उंबऱ्यात त्यांचा गुडघा अडला. सुचिता मागे वळली, तिने त्यांना हात दिला, आणि दोघी कठड्यात जाऊन उभ्या राहिल्या. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार कृषी अधिकारी आज प्रशिक्षणाला गेले आहेत, पुढची तारीख मिळावी.

ती मिळाली.